घराचें कर्ज आणि नोकरींतील पालट

नाशिक रोडला १९२५ सालीं सरकारी तिकिटांचा छापखाना निघाला आणि १९२८ सालीं त्याच्या जोडीला नोटांचा छापखाना आला, तेव्हांपासून या गांवांत नोकरी या शब्दाला एक ठाम अर्थ प्राप्त झाला. ज्या दारानें मनुष्य विशींत आंत जाई, त्याच दारानें तो साठीच्या सुमारास निवृत्त होऊन बाहेर पडे. पुढें १९६४ सालीं ओझरला विमानांचा कारखाना आला, सातपूर व अंबड येथें औद्योगिक वसाहती झाल्या, तरी ही कल्पना बराच काळ ढळली नाहीं. अशा मनुष्याला कर्ज देतांना सावकारानें डोळे मिटून द्यावें, इतकी त्याच्या पगाराची शाश्वती होती.

मात्र त्या काळीं घरासाठीं कर्ज देणाराच विरळा. मुंबईस गांवदेवीला १९१५ सालीं सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली आणि सहकाराच्या मार्गानें मध्यम वर्गाला डोक्यावर छप्पर मिळूं शकतें, हें दिसून आलें. तरी पुष्कळसे चाकरमाने भाड्याच्या जागेंत संसार करीत आणि प्रॉव्हिडंट फंड हातीं पडल्यावर घराचा विचार करीत. ‘घर पहावें बांधून’ या म्हणींत कर्जाचें नांवही नाहीं, तें उगीच नव्हे. १९७७ सालीं हसमुखभाई पारेख यांनीं, वयाची पासष्टी उलटल्यावर, केवळ घरासाठीं कर्ज देणारी एचडीएफसी ही संस्था काढली. ती २०२३ सालीं त्याच नांवाच्या बँकेंत विलीन झाली. या संस्थेनें व तिच्यामागून आलेल्यांनीं एक मोठी गोष्ट केली. पुढील वीस वर्षांत मिळावयाच्या पगाराच्या भरंवशावर त्यांनीं आजच घर देऊं केलें. घर गहाण असतेंच. परंतु घरावर जप्ती आणून तें विकण्याची हौस कोणत्याही शहाण्या बँकेला नसते. तिची खरी दृष्टि पगारावर असते.

पुढें १९९१ नंतर खासगी नोकऱ्या वाढल्या आणि तीन-चार वर्षांनीं नोकरी पालटणें हें चंचलपणाचें लक्षण न राहतां कर्तबगारीचें मानलें जाऊं लागलें. त्यांत गैर कांहींच नाहीं. अडचण येते ती वेळेची.

एक उदाहरण कल्पावें. सातपूरच्या एका कारखान्यांत सहा वर्षें काम केलेला तरुण पाथर्डी फाट्याच्या बाजूला ३८ लाखांची सदनिका ठरवितो. पत्नी, एक लहान मूल आणि वडील असा परिवार. इसाराचे पैसे वडिलांनीं ठेव मोडून दिलेले. बँक ३० लाखांचें कर्ज मंजूर करते, मंजुरीचें पत्र घरीं येतें, देवापुढें पेढे ठेवले जातात. त्याच आठवड्यांत अंबडच्या दुसऱ्या कारखान्याचें बोलावणें येतें. सध्यां हातीं ६०,००० रुपये पडतात. तेथें ७५,००० सांगितले आहेत. घरांत सर्वांना वाटतें, कर्ज तर झालेंच. आणि पगार वाढला तर बँकेला आनंदच होईल.

या दोन्ही समजुती भ्रामक आहेत. मंजुरीचें पत्र म्हणजे पैसे नव्हेत. त्या पत्राला कांहीं महिन्यांचीच मुदत असते, आणि अर्जांत दाखविलेल्या परिस्थितींत महत्त्वाचा फरक पडल्यास मंजुरीचा फेरविचार करण्याचा किंवा ती रद्द करण्याचा हक्क बँकेनें बहुधा राखून ठेवलेला असतो. पेढ्यांच्या गडबडींत तें कलम कोण वाचतो? अर्जासोबत तीन महिन्यांचीं पगारपत्रकें, दोन वर्षांचे फॉर्म १६, सहा महिन्यांचा खात्याचा उतारा अशीं कागदपत्रें सामान्यतः घेतलीं जातात. तीं सारीं एकाच मालकाचें नांव सांगतात. तो मालक बदलला कीं बँकेच्या दृष्टीनें अर्जदारही जवळजवळ नवा होतो.

वाढलेल्या पगाराची गोष्ट तर अधिकच फसवी. नव्या ठिकाणच्या ७५,००० पैकीं समजा ४८,००० निश्चित पगार आहे आणि उरलेले २७,००० उत्पादनाचें लक्ष्य गांठल्यास मिळावयाचे आहेत. बँक हिशेब धरते तो मुख्यतः खात्रीच्या रकमेचा. कामगिरीवर मिळणारा भाग धरलाच, तर मागील वर्षा-दोन वर्षांची सरासरी पाहून धरतात; आणि नव्या नोकरींत मागील वर्ष असें कांहीं नसतेंच. हातीं येणाऱ्या पगाराच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊं नये, अशी मर्यादा मानली आणि व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षें धरली, तर ३० लाखांचा मासिक हप्ता सुमारें २६,००० रुपये होतो. जुन्या पगारांत तो सहज बसतो. नव्या हिशेबानें २४,००० च्या वर हप्ता जाऊं शकत नाहीं, म्हणजे कर्ज साडेसत्तावीस लाखांच्या आसपास येऊन थांबतें. पगार १५,००० रुपयांनीं वाढला आणि कर्ज सव्वादोन लाखांहून अधिक घटलें! शिवाय पहिले कांहीं महिने उमेदवारीचे असतात. नोकरी कायम होईपर्यंत किंवा निदान तीन पगारपत्रकें हातीं येईपर्यंत थांबा, असें बँक सांगूं शकते.

थांबावयास हरकत नसते; पण घर बांधणारा थांबत नाहीं. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वीं किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बिल्डरला मनाई केली आहे. हें संरक्षण मोठें खरें, परंतु ३८ लाखांचे दहा टक्के म्हणजे ३ लाख ८० हजार होतात, आणि ते वडिलांच्या ठेवींतून आलेले असतात. करारनामा झाल्यावर ठरलेले हप्ते वेळेवर देण्याची जबाबदारी याच कायद्यानें घर घेणारावर टाकली आहे व उशिराबद्दल व्याजही सांगितलें आहे. महाराष्ट्रांतील नमुना करारनाम्याप्रमाणें तीन हप्ते चुकल्यास पंधरा दिवसांची नोटीस देऊन बिल्डर करार रद्द करूं शकतो. बँकेनें पैसे अडविले, ही सबब तेथें चालत नाहीं. नाशकांत या घाईंत आणखी एक घाई मिसळते. गुरु सिंह राशींत असतांना गोदातीरीं मंगलकार्य करूं नये, असें मानणारीं कुटुंबें आजही पुष्कळ आहेत. २०१५ चा सिंहस्थ झाला, पुढचा २०२७ चा. त्याच्या आधीं वास्तुशांति उरकावी या ओढीनें करार आधीं आणि कर्जाची खातरजमा मागाहून, असा उफराटा क्रम धरला जातो. मुहूर्ताचा मान कुटुंबानें खुशाल राखावा. पण बँकेच्या कारकुनाला पंचांग दाखवून उपयोग नाहीं.

बँका इतक्या संशयी कां, असा प्रश्न सहज येईल. अमेरिकेंत या शतकाच्या आरंभीं मिळकतीची नीट चौकशी न करतां घरांसाठीं कर्जें वांटलीं गेलीं. २००८ च्या सप्टेंबरांत लेहमन ब्रदर्स ही जुनी पेढी बुडाली आणि त्या अनर्थाची झळ साऱ्या जगाला लागली. आतां तिकडे फॅनी मे या संस्थेच्या नियमांप्रमाणें कर्जाच्या दस्तऐवजापूर्वींच्या दहा कामकाजाच्या दिवसांत मालकाकडे पुन्हां चौकशी करून अर्जदार अद्याप कामावर आहे किंवा नाहीं, हें पाहतात. आपल्याकडे रीत निराळी असली तरी पैसे देण्यापूर्वीं कचेरींत फोन जाणें किंवा ताजें पगारपत्रक मागणें मुळींच नवलाचें नाहीं.

म्हणूनच ‘बँकेला सांगूंच नका’ हा जो सल्ला चहाच्या टेबलावर फुकट मिळतो, तो सर्वांत महाग पडण्याजोगा आहे. खात्यांत पगार कोणाच्या नांवानें जमा होतो हें बँकेला दिसतें. भविष्यनिर्वाह निधीची नोंदही मालकाचें नांव सांगते. त्यांतून कर्जाच्या करारांत नोकरी किंवा पत्ता बदलल्यास कळविण्याचें वचन बहुधा दिलेलेंच असतें. लपवून ठेवलेली साधी गोष्ट उघडकीस आली कीं ती लबाडी ठरते, आणि मग पगार कितीही चांगला असला तरी विश्वास परत मिळविणें अवघड जातें.

राजीनामा अजून दिला नसेल, तर मार्ग सोपा आहे. तयार घर असेल तर करारनाम्याची नोंदणी व पैशांचें वाटप होईपर्यंत नव्या मालकाकडून रुजू होण्याची तारीख पुढें मागून घ्यावी. जुन्या नोकरीची नोटीसच एक ते तीन महिन्यांची असते, तेव्हां अशा विनंतीचें कोणाला विशेष वाटत नाहीं. नवी नोकरी हातची जाऊं देण्याजोगी नसेल, तर ती आधीं धरावी, तीन पगार घ्यावे आणि मग घर ठरवावें. घरें नाशकांत संपत चाललेलीं नाहींत, जाहिराती कांहींही म्हणोत. पालट होऊनच गेला असेल तर नियुक्तिपत्र, पगाराची फोड आणि जुन्या मालकाचें कार्यमुक्तीचें पत्र घेऊन स्वतः शाखेंत जावें. धंदा तोच, मध्यें खंड नाहीं, निश्चित पगार घटलेला नाहीं, अशी स्थिति असल्यास मंजुरी कायम राहण्याचा संभव चांगला असतो. पत्नी कमावती असेल तर तिला सहकर्जदार करून घेतल्यानेंही उणीव भरून निघते.

बांधकाम चालू असलेल्या घराची गोष्ट मात्र वेगळी. तेथें कर्ज एकदम मिळत नाहीं. नमुना करारनाम्याप्रमाणें करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतें झाल्यावर ४५ पर्यंत, स्लॅब पूर्ण झाल्यावर ७० पर्यंत, अशा पायऱ्यांनीं पैसे द्यावयाचे असतात, आणि बँकही तसेच सोडते. यांत दोन-तीन वर्षें सहज जातात. इतका काळ कोणी नोकरी अडवून धरावी, असें म्हणणें अन्यायाचें होईल. येथें पालट करावा, पण दोन हप्त्यांच्या मधल्या निवांत काळांत, बँकेला आधीं लेखी कळवून, आणि मध्यें एकाही महिन्याचा खंड न पडूं देतां.

नवी नोकरी पुण्याला असेल तर बँक आणखी एक प्रश्न विचारील: नाशिकच्या घरांत राहणार कोण? पत्नी व वडील राहणार असतील तर तसें सांगावें. आणि जुनें पगाराचें खातें लगेच बंद करूं नये. हप्ता त्याच खात्यांतून जात असतो. पगार पुण्याच्या नव्या खात्यांत पडूं लागतो, नाशिकचें खातें रिकामें राहतें, आणि हातीं पैसा असूनही पहिलाच हप्ता परत जातो. तेव्हां नवी हप्त्याची आज्ञा नोंदली जाऊन तिच्यावर एक हप्ता प्रत्यक्ष वळता होईपर्यंत जुन्या खात्यांत दोन हप्त्यांची रक्कम ठेवावी.