फटफटी : घाटातली आणि ट्रॅकवरची
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



कार्यवाहांनी आम्हांस बोलण्याचे निमंत्रण दिले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. निवृत्त शिक्षकाने अशा प्रसंगी चारित्र्य, शिस्त अथवा शिक्षण यांपैकी एखादा विषय घ्यावा अशी रीत आहे. आणि या तिन्ही विषयांवर आम्ही याच व्यासपीठावरून पूर्वी बोललो आहोत. ऐकणारी मंडळीही बहुतेक तीच आहेत. म्हणून यंदा आम्ही फटफटीवर बोलणार आहोत. कोणी हसले तरी आमची हरकत नाही.

सभेच्या प्रारंभी दुखवट्याचा ठराव वाचला गेला आणि आपण सारे उभे राहिलात. त्या यादीत अकरा नावे होती. आठ नावे पिकल्या पानांची. उरलेली तीन पंचविशीच्या आतील, आणि त्या तिघांपैकी दोघे मोटारसायकलवरून गेले. त्यांतील एक आमचा विद्यार्थी. दहावीस त्याला उत्तम गुण मिळाले, याच मंडळाने त्याचा नारळ व शाल देऊन सत्कार केला, पुढे तो पदविकेस गेला. त्याचे वडील एके दिवशी आमच्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, पोरगा गाडी मागतोय. घेऊन देऊ का?" आम्ही म्हणालो, "द्या घेऊन. गुणी मुलगा आहे." परीक्षेतले गुण आणि गाडीचा ब्रेक यांचा परस्परांशी काही संबंध नसतो, हे त्या वेळी आमच्या ध्यानी आले नाही.

रविवारी पहाटे तो चार मित्रांसह घाटात गेला होता. एका आंधळ्या वळणावर समोरून दुधाचा टेम्पो आला. टेम्पोवाल्याची चूक नव्हती. तो आपल्या बाजूने येत होता. आम्ही त्या घरी भेटावयास गेलो तेव्हा वडील आम्हांस एक शब्दही उणा बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

आता कोणी असे समजू नये की आम्ही फटफटीचे वैरी आहोत. १९८३ साली जावळी तालुक्यातील एका शाळेवर आमची नेमणूक झाली, तेव्हा एसटीची एकच गाडी त्या बाजूस जाई. आम्ही एक जुनी राजदूत विकत घेतली. पेट्रोलात तेल मोजून ओतावयाचे, पावसाळ्यात प्लग काढून पुसावयाचा, असा तो संसार होता. तिच्यावरून आम्ही केळघर घाट किती वेळा चढलो-उतरलो याची गणती नाही. पण त्या राजदूतचा एक मोठा गुण असा की काटा साठाकडे गेला की ती सबंध थरथरू लागे. ती थरथर हीच आमची शिक्षिका होती. आज मुलाच्या हाती चाळीस अश्वशक्तीची गाडी येते आणि ती शंभराच्या वेगालाही मांजरासारखी निमूट चालते. 'आता पुरे' असे सांगणारे तिच्यात काही उरलेले नाही.

आमचा एक पुतण्या पुण्यास कारखान्यात नोकरीला आहे. वर सांगितलेल्या घटनेनंतर दोनच महिन्यांनी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, मी मद्रासला ट्रॅकवर गाडी चालवायला शिकायला जातोय. तुम्ही पण चला." आम्ही भयंकर संतापलो. घरात सुतकाची छाया असता हा शर्यती शिकावयास निघाला, असे आम्हांस वाटले. जे बोलू नये तेही बोललो. त्याने सारे ऐकून घेतले आणि आमचे रेल्वेचे तिकीट टेबलावर ठेवले.

मद्रासपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, बंगलोरच्या रस्त्याला, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै नावाचे गाव आहे. तेथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा शर्यतीचा मार्ग आहे, लांबी ३.७ किलोमीटर. ट्रॅक या शब्दास मराठीत काय म्हणावे हा प्रश्न आम्हांस पडला. धावपट्टी म्हणावे तर विमानाची आठवण होते. गंमत अशी की ती आठवण अगदीच गैर नाही, कारण या मार्गाच्या पूर्वी मद्रासच्या शर्यती शोळावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील एका जुन्या विमान-धावपट्टीवरच होत असत. असो. आम्हीही ट्रॅकच म्हणू.

सकाळी पहिला तास वर्गात झाला. शिकविणारा तरुण आमच्या निम्म्या वयाचा, पण फळ्यापाशी उभा राहण्याची त्याची रीत पाहून हा जातीचा शिक्षक आहे हे आम्ही ओळखले. त्याने सांगितलेली पहिली गोष्ट अशी की गाडी थांबविण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताच सारा भार पुढच्या चाकावर येतो. आमच्या पिढीत थोरांनी बजावून ठेवले होते की पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, उलथशील. तो एकदम आवळला तर उलथण्याची भीती खरीच. हळूहळू दाब वाढवीत जावा, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. आम्ही तीस वर्षे मागच्याच ब्रेकवर काढली, हे त्या वर्गात बसून आम्हांस कळले. दुसरी गोष्ट नजरेची. वळणावर जेथे जावयाचे तेथे पाहावे. भ्यालेला स्वार ज्या दगडाकडे पाहत राहतो, त्याच दगडावर जाऊन आदळतो.

नंतर गाड्यांची तपासणी. आरसे काढून ठेवलेले, दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी, कारण काच फुटून मार्गावर पडू नये. चेनचा ताण, टायर, ब्रेक, सारे एकेक पाहिले जाते. स्वाराच्या अंगावर चामड्याचा जाड पोशाख, पाठीला ढाल, हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत बूट, आणि संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट. ज्याच्या हेल्मेटचा पट्टा ढिला होता त्याला परत पाठविले. शाळेत गणवेश नसलेल्या मुलास आम्ही पाठवीत असू, तसेच.

आणि मग ते सुरू झाले. प्रामाणिकपणे सांगतो, पहिली पाच मिनिटे आम्ही डोळे मिटून बसलो होतो. उघडले तेव्हा ध्यानी आले की येथे सारे एकाच दिशेने जात आहेत. समोरून कोणी यावयाचे नाही. म्हैस नाही, कुत्रे नाही, खडी नाही, विरुद्ध बाजूने येणारा ट्रॅक्टर नाही. वळणाबाहेर मोकळी जागा आहे, कठडा नाही व दरीही नाही. ठिकठिकाणी निशाणे घेतलेली माणसे उभी आहेत: पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका, कोणास ओलांडू नका, लाल म्हणजे सर्वांनी थांबा, निळे म्हणजे तुमच्या मागून अधिक वेगवान स्वार येत आहे. रुग्णवाहिका सज्ज होती. वीस मिनिटे चालविले की विश्रांती, पाणी, आणि पुन्हा फळ्यापाशी.

तिसऱ्या पाळीत आमचा पुतण्या पडला. वळणात गाडी आडवी झाली, चाक निसटले आणि तो जमिनीवरून घसरत पंचवीस-तीस पावले गेला. आम्ही उठलो, पण पाय उचलेनात. तोवर पिवळे निशाण हलू लागले होते, दोघे जण धावत गेले होते, आणि मुलगा उभा राहून हात हलवीत होता. दहा मिनिटांनी तो आमच्या शेजारच्या स्टुलावर बसून मीठ-साखरेचे पाणी पीत होता. चामड्याच्या पोशाखाला कोपरावर पांढरा ओरखडा, तेवढाच. त्या ओरखड्यावरून आम्ही बोट फिरविले. हेच वळण, हाच वेग, हेच घसरणे घाटात असते तर काय झाले असते याचा हिशेब करावा लागला नाही. तो हिशेब आम्ही एका घरी जाऊन पाहिला होता.

परतीच्या गाडीत आम्ही विचारले, "आता तू घाटातही असाच वाकून जाणार काय?"

तो म्हणाला, "नाही काका. ट्रॅकवर वळण बाहेरून घ्यायचं, आत शिरायचं, परत बाहेर पडायचं. रुंदी सगळी आपलीच असते. घाटात अर्धा रस्ता दुसऱ्याचा. तिथे ती रेघ धरली की माणूस थेट समोरच्याच्या पुढ्यात जातो."

आमचा विद्यार्थी असाच गेला होता. हे वाकणे त्याने मोबाईलवरील चित्रफितींत पाहिले होते. अर्धी विद्या त्याने पाहून उचलली. उरलेली अर्धी, म्हणजे ती विद्या कोठे वापरू नये, हे चित्रात दिसत नाही.

पुढच्या महिन्यात पुतण्याने आम्हांस मागे बसवून वाईहून पाचगणीस नेले. काटा चाळीस-पन्नासाच्या पुढे गेला नाही. प्रत्येक आंधळ्या वळणाआधी तो डावीकडे सरे, हॉर्न देई. म्हैस दिसताच, ती हलण्यापूर्वीच, त्याची बोटे ब्रेकवर गेलेली असत. एसटी थांबलेली दिसली की तिच्या पुढून कोणीतरी धावत येणार असे गृहीत धरूनच तो जाई. आम्ही म्हणालो, "अरे, इतका पैसा खर्चून हळू चालवायला शिकलास की काय?" तो म्हणाला, "ट्रॅकवर मी माझ्या मर्यादेपर्यंत जातो. इथे निम्म्यातच राहतो. बाकीचं निम्मं दुसऱ्याच्या चुकीसाठी शिल्लक ठेवतो."

गणित थोडेसे सांगतो. त्याशिवाय आमच्याने राहवणार नाही. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो असे धरा. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी सुमारे २० मीटर. एकूण ३७. वेग दुप्पट केला तर पहिला आकडा दुप्पट होतो, पण दुसरा चौपट होतो. ३३ आणि ८० मिळून ११३ मीटर. घाटातील वळणावर पुढचे ११३ मीटर कोणाला दिसतात? मॅट्रिकपर्यंतच्या पदार्थविज्ञानात हे सारे येते. आम्ही ते वर्षानुवर्षे शिकविले आणि वडिलांना सल्ला देताना विसरलो.

रस्ता की ट्रॅक हा वाद जुना आहे. इंग्लंडमध्ये सार्वजनिक रस्ते शर्यतीसाठी बंद करण्यास परवानगी मिळेना, म्हणून शर्यतवाले आयल ऑफ मॅन या बेटावर गेले. तेथे १९०७ पासून मोटारसायकलींची टीटी नावाची शर्यत होते. तिचा डोंगरी मार्ग सुमारे ६० किलोमीटरचा, गावांतून, घरांच्या भिंती व दिव्यांच्या खांबांजवळून जाणारा. रस्ता बंद करून, निशाणे लावूनही त्या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वार मरण पावले. १९७२ साली पावसात पार्लोत्ती हा इटालियन स्वार गेला, तेव्हा त्याचा मित्र आगोस्तिनी, पंधरा जागतिक अजिंक्यपदांचा धनी, याने पुन्हा तेथे शर्यत करणार नाही असे ठरविले. १९७७ पासून जागतिक स्पर्धेचा इंग्लंडमधील भाग सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर गेला. जगातील श्रेष्ठ स्वाराला जो रस्ता नकोसा झाला, त्याहून आपला घाट अधिक सुरक्षित आहे काय? तेथे निदान समोरून टेम्पो तरी येत नाही.

ट्रॅकवर मृत्यू नाही असे मात्र आम्ही सांगणार नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मद्रासच्या याच मार्गावर शर्यतीत बंगलोरचा तेरा वर्षांचा एक मुलगा दगावला. ती बातमी आमच्या डोळ्यांपुढून जात नाही, आणि इतक्या कोवळ्या वयात शर्यतीत उतरवावे काय, याविषयी आमचे मत प्रतिकूलच आहे. शिकणे वेगळे व शर्यत वेगळी. परंतु सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत शंभरातील ४४ हून अधिक दुचाकीवरची, आणि पन्नास हजारांहून अधिक जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. हे ट्रॅकवर घडलेले नाही.

पालकांस दोन शब्द. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकास २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. आज या मंडपाबाहेर ज्या दुचाक्या उभ्या आहेत, त्यांतील कित्येक नववी-दहावीची मुले घेऊन आली आहेत. आम्ही दाराशी उभे राहून मोजल्या आहेत. आकडा सांगत नाही.

आता एक नाजूक गोष्ट. एका उदार दात्याने पदविका परीक्षेत आपल्या समाजात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास मोटारसायकल बक्षीस देण्याचे जाहीर केले आहे. त्यांच्या हेतूबद्दल आमच्या मनात आदरच आहे. ते येथे पुढच्याच रांगेत बसले आहेत, म्हणून मागून न बोलता समोर बोलतो. शेठजी, गाडी द्यावयाचीच असेल तर तिच्याबरोबर चांगले हेल्मेट, हातमोजे, बूट, आणि ट्रॅकवरील दोन दिवसांच्या शिक्षणाचा खर्च द्यावा. आणि तो मुलगा शिकून आल्यावरच किल्ली हाती द्यावी. रक्कम वाढत असेल तर लहान गाडी द्यावी. तेही जमत नसेल तर गाडीऐवजी पुस्तके द्यावीत. आम्ही एकदा 'द्या घेऊन' असे म्हटले आहे. दुसऱ्यांदा म्हणणार नाही.

कार्यकारिणीने वसतिगृहामागील मैदान पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात ते दहा देण्याचे मान्य केले आहे. आमचा पुतण्या पुण्याहून येईल. ब्रेक कसा लावावा, वळताना कोठे पाहावे, एवढेच शिकविले जाईल. वेग वीस-तीसाच्या वर जाणार नाही. ज्यांस त्यात कमीपणा वाटेल त्यांनी अवश्य यावे. वय अठरा पूर्ण, परवाना जवळ, हेल्मेट स्वतःचे. मुलींनीही यावे, कारण स्कूटर त्याही चालवितात. ज्या वडिलांचा मी उल्लेख केला, त्यांना आम्ही विचारले होते. त्या दिवशी पाणी व चहा त्यांच्याकडून आहे. आमची राजदूत अद्याप चालू आहे. पुढचा ब्रेक दुरुस्त करून आम्हीही ती घेऊन येणार आहोत.