कबुतराची निवड आणि जनुकांच्या खुणा

चीनमध्ये मांसासाठी कबुतरे मोठ्या प्रमाणावर पाळली जातात. व्हाइट किंग ही तिथली एक परिचित जात. पिल्लू साधारण चार आठवड्यांत विक्रीयोग्य होते. अडचण वेगळीच आहे. मादी एका वेळी बहुधा दोनच अंडी घालते, ती उबायला सतरा-अठरा दिवस लागतात आणि पिल्ले पूर्णपणे आईबापांवर अवलंबून असतात. नर आणि मादी दोघेही गळ्याजवळच्या अन्नपिशवीत दुधासारखा पौष्टिक स्राव तयार करून पिल्लांना भरवतात. म्हणून उत्तम जोडी ओळखणे महत्त्वाचे ठरते.

इथे डीएनएतील खुणा उपयोगी पडतात. एकाच जनुकात पक्ष्यागणिक एखादे अक्षर बदललेले असते. असा बदल जास्त वजन किंवा जास्त अंडी यांच्यासोबत वारंवार आढळला, तर तो निवडीची खूण ठरू शकतो. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक अंडी उबवणे आणि हा स्राव या दोन्हींशी निगडित असल्याने संशोधकांनी त्याच्या जनुकाचा अभ्यास केला आहे. 2013 साली कबुतराचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्यावर अशा खुणांचा शोध सोपा झाला. दिसायला सारखे असणारे नर-मादीही पिसाच्या मुळातील डीएनएवरून ओळखता येतात.

मात्र वजन आणि प्रजनन यांवर अनेक जनुकांचा, तसेच आहार-निगेचा प्रभाव असतो. म्हणून कबुतरपालकांनो, प्रत्येक जोडीची अंडी, पिल्ले आणि वजने नियमित लिहून ठेवा. त्या नोंदींशिवाय कोणत्याही खुणेची पारख होत नाही.