अंगणातली गाडी आणि अर्थिंगचा खड्डा

विजेचं आणि पाण्याचं नातं बीड जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचं औष्णिक विद्युत केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. त्या वर्षीचा दुष्काळ इथल्या बऱ्याच जणांनी सोसलेला आहे. आज मी त्याच नात्याबद्दल बोलणार आहे, पण परळीचं नाही, आपल्या घराच्या अंगणातलं.

विजेवरची चारचाकी आता तालुक्याच्या गावांतही दिसू लागली. वायरिंग तपासण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे लोक हमखास विचारतात, ‘सर, घरच्या लायटीवर चार्जर बसवता येतो का?’ येतो. घरच्या मीटरवर गाडी चार्ज केली तर घरगुती दरच लागतो. वेगळं मीटर हवं असेल तर गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागायचा हक्क केंद्राच्या २०२४ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनी दिलेला आहे. कागदोपत्री अडचण फारशी नाही. अडचण आहे ती भिंतीत आणि जमिनीत.

आपल्याकडे गाडी उभी राहते ती पोर्चमध्ये, जिन्याखाली, नाहीतर वाड्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्या शेडमध्ये वीज कशासाठी नेलेली असते? एका बल्बसाठी. गेल्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या शिक्षकांकडे गेलो होतो. गाडी रात्री लावली की मध्येच चार्जिंग थांबायचं. मी सॉकेटचा बोर्ड उघडला. प्लास्टिक तपकिरी पडलेलं, जळका वास, एक स्क्रू ढिला. मागे ॲल्युमिनियमची बारीक वायर तांब्याच्या वायरीला नुसती पीळ देऊन जोडलेली आणि वरची काळी टेप उन्हात सोललेल्या सालीसारखी सुटलेली. घरातली मंडळी म्हणाली, ‘अहो, याच्यावर वॉशिंग मशीन तर चालतं!’

चालतं, खरं आहे. पण मशीनचा भार थोडा वेळ असतो. गाडी १५ अँपिअर घेते आणि बॅटरी रिकामी असेल तर आठ-नऊ तास सलग घेते. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. ढिल्या स्क्रूपाशी ती सगळी साठते. म्हणून बल्बच्या वायरीवरून गाडीची वीज घेऊ नका. मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची केबल ओढा. १५ अँपिअरच्या चार्जरला ४ चौरस मिलिमीटरची, मोठ्या चार्जरला किमान ६ ची, आणि अंतर लांब असेल तर त्याहून एक पायरी जाड.

मोठा चार्जर म्हणजे ७.२ किलोवॅटचा. माझं स्पष्ट मत असं, की आपल्या बहुतेक घरांना त्याची गरज नाही. रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला साधारण सहा-सात युनिट लागतात. साधा ३.३ किलोवॅटचा चार्जर ते दोन तासांत भरतो, आणि रात्र तर आठ तासांची आहे. ७.२ किलोवॅटला ३२ अँपिअर लागतात. त्याच वेळी गिझर आणि पाण्याची मोटर लागली तर सर्व्हिस वायर तापते, डीपीपासून (रोहित्रापासून) लांब असलेल्या घरात दाब पडतो, शेजाऱ्यांचे दिवे मंदावतात. चार्जर कुठलाही घ्या, वीजबिलावर छापलेला ‘मंजूर भार’ आधी वाचा. तो एक-दोन किलोवॅट असेल तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करा. महिन्याला सुमारे दोनशे युनिट वाढतील, त्यामुळे तीनशेच्या पुढच्या महाग टप्प्यात जाऊ शकता, तोही हिशेब घरात बसून करा.

आता जमिनीकडे येतो. आजचं माझं खरं सांगणं हेच आहे.

गाडी रबरी टायरांवर उभी असते. तिच्या पत्र्यात वीज उतरली तर जमिनीत जायला वाट नाही. मग कुणीतरी अनवाणी येऊन दार उघडतो आणि त्याचं शरीर ती वाट होतं. हे टाळायला अर्थिंग असतं. अर्थिंगचा रोध पाच ओहमच्या आत असावा असं आम्ही धरतो. तो पाच ओहम असेल, तर २३० व्होल्टचा दोष झाल्यावर ४६ अँपिअर जमिनीत वाहतात. पण आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात काय होतं? गेवराई, माजलगावकडच्या काळ्या रानाला भेगा पडतात आणि माती अर्थिंगच्या नळीपासून सुटते. बालाघाटावरच्या मुरमाडात मुळातच ओल टिकत नाही. रोध ५० ओहमवर गेला, तर जेमतेम साडेचार अँपिअर वाहतात. जादा प्रवाह झाला की वीज तोडणाऱ्या २० अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. ती चालू राहते आणि पत्रा जिवंत राहतो. म्हणून गळती ओळखून वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, तीही ए प्रकारची, गाडीच्या लाइनवर हवीच. तिला एवढासा गळका प्रवाहही पुरतो.

चांगला चार्जर स्वतः अर्थिंग तपासतो. ते नसेल तर लाल दिवा लावतो आणि वीज घेत नाही. इथे मी हात जोडून एक गोष्ट सांगतो. काही वायरमन हा लाल दिवा घालवायला सॉकेटच्या आत न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनला जोडून देतात. दिवा लगेच हिरवा होतो, मालक खूश होतो. पण वारा-वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली, आणि आपल्याकडे ती तुटते, तर घरात चालू असलेल्या कुठल्याही उपकरणातून फिरून फेज त्याच वायरीने थेट गाडीच्या पत्र्यावर येतो. तुमच्या वायरमनने असं केलं असेल तर ते आजच काढायला लावा. दिवा लाल झाला तर गाडी चार्ज करू नका.

खरा उपाय खड्ड्यात आहे. किमान अडीच मीटर लांबीची जस्ताचा मुलामा दिलेली नळी, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं. घराचं जुनं अर्थिंग फरशीखाली गेलेलं असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका, गाडीसाठी नवा खड्डा घ्या आणि नवं-जुनं दोन्ही एकमेकांना जोडा. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या, आणि रोध यंत्राने मोजून आकडा लेखी मागा. ऑगस्टमध्ये, जमीन भिजलेली असताना, तो आकडा सगळ्यांचाच चांगला येतो. आपण मेमध्ये मोजायचा.

हंडाभर पाण्यासाठी वणवण केलेल्या माणसांना मी जमिनीत पाणी ओता म्हणतोय, याची मला जाणीव आहे. प्यायचं पाणी ओतू नका. घरातल्या आरओ यंत्रातून जे खारट पाणी मोरीत सोडून देता, तेच बादलीत धरा आणि उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा त्या नरसाळ्यात घाला.