टपालातील दडलेली अडगळ



पंचायत समितीकडून येणारे माहितीचे तक्ते पुष्कळदा एकाच नावाचे असतात. एखादे दिवशी असा तक्ता उघडताना ‘फाईल तयार करता येत नाही’ असा संदेश येतो आणि आपण इंटरनेटला दोष देतो. कारण निराळेच असते. जुन्या पद्धतीचे आउटलुक उघडलेल्या जोडपत्राची प्रत ‘कन्टेन्ट डॉट आउटलुक’ या फोल्डरात ठेवते. जोडपत्र उघडे असताना वीज गेली, की प्रत तेथेच राहते. (मुळशी धरणाच्या पाण्यावर भिऱ्यास वीज होते, आपल्या वाड्यांतील मात्र पावसाळ्यात जाते!) त्याच नावाच्या पुढील प्रतींस क्रमांक मिळतात, ते 99 पर्यंत गेले, की वाट खुंटते.

लपवलेल्या व संरक्षित फायली दाखवण्याची सोय चालू केल्यावरच हा फोल्डर दिसतो. आउटलुक बंद करून त्यातील फायली काढाव्यात. मूळ पत्रे टपालपेटीत सुरक्षित राहतात. परंतु घाई नको. तक्ता आधी ‘डॉक्युमेंट्स’मध्ये न उतरवता तेथेच भरला असल्यास भरलेली पटसंख्या त्याच अडगळीत असण्याचा संभव आहे. म्हणून फायली तारखेप्रमाणे लावून पाहाव्यात, आपले काम बाहेर काढावे, मगच उरलेल्या पुसाव्यात. अशा प्रतींत मुलांची नावे व आधार क्रमांकही असू शकतात आणि केंद्रशाळेचा संगणक अनेकांच्या हाताखालून जातो. तेव्हा त्याची कचरापेटीही त्याच वेळी रिकामी करावी.