जवारीच्या गावात आपले स्वागत





डॉ. वॉनलेस यांच्या रुग्णालयाने मिरजेला आरोग्यपंढरी केले. विष्णु दिगंबर पलुसकर बाळकृष्णबुवांकडे गाणे इथेच शिकले. अब्दुल करीम खाँसाहेब मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात चिरविश्रांती घेत आहेत. पण आज मला नाव घ्यायचे आहे ते फरीदसाहेब सतारमेकरांचे. घराणे शिकलगारांचे, तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शस्त्रांची मागणी सरली आणि त्याच हातांनी भोपळा आणि तुणीचे लाकूड जवळ केले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे मूळ तिथे आहे. या गावात फरीदसाहेबांच्या नावाची पाटी मोठी हवी, असे मी प्रत्येक व्यासपीठावरून सांगत आलो आहे.

तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावताना जवळून पाहावे. घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो. कारागीर तो केसभर पुढे, केसभर मागे सरकवतो. तार मुकी राहते, राहते, आणि एका जागी एकदम झंकारते. या घोडीचे भौतिकशास्त्र सर सी. व्ही. रामन यांनी 1921 साली मांडले होते.

आपण देशभरातून ज्या परिषदेसाठी आलात, तिचा विषय अर्धवाहकांच्या पातळ थरांतील विरळ इलेक्ट्रॉनांचा. मी व्यापारी माणूस, पण आपल्यातल्या एका प्राध्यापकांनी मला तो समजावला. थर केसापेक्षा हजारो पट पातळ. चौरस सेंटीमीटरला हजार कोटी इलेक्ट्रॉन, तरी त्याला विरळ म्हणायचे! आणि ते विरळ होत जातील तसतसा त्यांच्या धावपळीपेक्षा परस्परांच्या प्रतिकर्षणाचा जोर वरचढ होतो. शेवटी ते अंतर राखून जाळीत बसतील, असे भौतिकशास्त्रज्ञ विग्नर यांनी 1934 सालीच सुचवले होते. ऐकताना मला तंबोरा आठवला. तारा चारच, म्हणून तर प्रत्येकीला बाकीच्या तिघींचे भान.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. उतरण्याची सोय तीन ठिकाणी विभागावी लागली. काल रात्री मोटर बंद पडल्याने पहाटे गरम पाणी उशिरा मिळाले. ज्येष्ठांना त्रास झाला, त्याची मी हात जोडून क्षमा मागतो. तीन दिवसांचा शिधा देणारे बाजारपेठेतील व्यापारी, खोल्या उघडून देणारे मंगल कार्यालयाचे मालक, वाढपाला उभे राहिलेले विद्यार्थी, पहाटेच्या गाड्यांना स्टेशनवर गेलेले रिक्षावाले आणि नाव जाहीर करू नका असे बजावणारे देणगीदार, या सर्वांचे ऋण मोठे आहे.

आज संध्याकाळी सतारमेकर गल्लीतले कारागीर आपल्यासाठी दुकाने उघडी ठेवणार आहेत. अवश्य यावे, एकदा तरी तो धागा स्वतःच्या हाताने सरकवून पाहावा.