दोष कळणे आणि दोष सापडणे
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



प्रतिवर्षी मी या सभेत जमाखर्चावर बोलतो. आज रुग्णशय्येमागील भिंतीतून जाणाऱ्या प्राणवायूच्या नळीविषयी बोलण्याची अनुमती घेतो. विषय अभियंत्यांचा असला तरी वाणिज्य शाखेच्या माणसाला तो परका नाही. हिशेबाची तेरीज जुळली नाही की कोठेतरी चूक आहे एवढेच कळते. ती कोणत्या खात्यात आहे हे तेरीज सांगत नाही. त्यासाठी एकेक खाते वेगळे काढून तपासावे लागते. यंत्रणेतही प्रथम दोष असल्याचे कळावे लागते, आणि मग त्याचे स्थान शोधून तेवढाच भाग इतरांपासून तोडावा लागतो.

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठा खंडित होऊन त्या दिवशी २२ रुग्णांचे प्राण गेले. तेथे दोष लपलेला नव्हता. पांढऱ्या वाफेचे लोट आवारात सर्वांना दिसत होते. परंतु गळती मूळ साठ्यालाच होती, आणि असा साठा तोडायचा तर त्याच क्षणी दुसऱ्या साठ्यातून तेवढाच दाब मिळावा लागतो.

बहुतेक गळत्या अशा दिसत नाहीत. नळीतील दाब साधारण चार बार ठेवतात. बारीक गळती असली तरी रेग्युलेटर ती तूट भरून काढत राहतो; काटा जागचा हलत नाही आणि सिलिंडर मात्र लवकर रिकामे होतात. दाब सांभाळणारी व्यवस्थाच दोष झाकते! येथे आकडेमोड कामी येते. २० रुग्णांना मिनिटाला प्रत्येकी १० लिटर प्राणवायू दिला तर तासाला १२,००० लिटर लागतात. जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर असतो, म्हणजे तासाला दोन सिलिंडरही पुरते संपू नयेत. तीन संपू लागले, तर दाबमापक काहीही दाखवो, तेरीज जुळत नाही. मग एकेका वॉर्डातील रुग्णांना सुट्या सिलिंडरवर घेऊन त्या वॉर्डाची झडप बंद करायची. जी बंद केल्यावर उरलेल्या वॉर्डांचा खप हिशेबाला येतो, गळती तिच्या पलीकडे. वॉर्डागणिक झडप नसेल तर संपूर्ण रुग्णालयच तोडावे लागेल, आणि ते कोणी करू धजणार नाही.

मापकावरही आंधळा विश्वास नको. दोन मापकांत फरक पडला तर एक खोटा आहे एवढे कळते. कोणता, हे तिसरा सांगतो. आपल्या रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत विजेचे सांधे गंजतात आणि अलार्म विनाकारण वाजतात. 'लांडगा आला'ची गोष्ट येथे खरी होते: चार वेळा खोटा वाजलेला अलार्म पाचव्या वेळी परिचारिका हात पुढे करून बंद करते. दोष तिला देऊ नये.

पर्यायी पुरवठा कोठे ठेवला आहे, हेही पाहावे लागते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. मुख्य वीजफलक आणि जनरेटर दोन्ही तळमजल्यावर असतील, तर कागदावर दोन असलेले पुरवठे पाण्याच्या दृष्टीने एकच ठरतात.

देणगीदारांना नवे यंत्र देणे आवडते. त्यावर नावाची पाटी लागते. झडपेवर पाटी लावायला जागा नसते, हेही खरे. तरीही प्रत्येक वॉर्डाची स्वतंत्र झडप, परिचारिका कक्षात दाबाचा अलार्म, राखीव सिलिंडरची स्वयंचलित जोडणी आणि मापकांची वार्षिक तपासणी, हा खर्च पुढील अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली मांडला आहे. विश्वस्त मंडळाने तो इमारत दुरुस्तीत मिसळू नये आणि त्यावर आजच निर्णय घ्यावा, ही विनंती.