रुग्णाला कर्ता करणारी कला

मी जन्मभर शाळामास्तरकी केली. माझें शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां वैद्यकावर किंवा चित्रकलेवर अधिकारवाणीनें बोलण्याची माझी पात्रता नाहीं, हें आरंभींच कबूल करतों. आज मी बोलणार आहें तें केवळ एका रुग्णाच्या नात्यानें. गेल्या पावसाळ्यांत ओल्या पायरीवरून माझा पाय घसरला, मांडीचें हाड मोडलें, आणि एकोणीस दिवस मला इस्पितळांत उताणें पडून राहावें लागलें. तेथें विद्यार्थ्यांच्या एका नव्या उद्योगाची मला ओळख झाली. ती आपल्याला करून द्यावी, एवढाच या भाषणाचा हेतु.

उताण्या पडलेल्या माणसाचें जग म्हणजे छत. आमच्या वॉर्डाच्या छताचा एक पोपडा सुटलेला होता व त्याच्या पलीकडे ओलीचा एक डाग होता. तीन दिवसांत त्या डागाचा आकार मला तोंडपाठ झाला. भोंवतीं पुष्कळ गोष्टी घडत होत्या; पण त्यांतील एकही मी करीत नव्हतों. सलाईन लावलें जाई, रक्त घेतलें जाई, चादर बदलली जाई. कर्तरि आणि कर्मणि प्रयोग शिकवितांना मीं शेंकडों वाक्यें फळ्यावर लिहिलीं असतील; परंतु माणूस स्वतःच कर्मणि प्रयोगांत राहूं लागला म्हणजे त्याला काय वाटतें, हें मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं कळलें. इस्पितळांतील प्रत्येक वाक्यांत डॉक्टर कर्ता, परिचारिका कर्ता, औषधदेखील कर्ता. रुग्ण तेवढा कर्म. यांत कोणाचा दोष नव्हता. सेवा उत्तम होती. पण उत्तम सेवा घेतां घेतांही माणसाची हळूहळू वस्तु होऊं लागते, हें तितकेंच खरें.

चौथ्या दिवशीं माझ्या भाचीची मुलगी मला भेटावयास आली. वस्तूंची योजना आणि रचना शिकविणाऱ्या एका महाविद्यालयांत ती शिकते. तिनें विचारलें, ‘‘आजोबा, तुम्हांला इथं सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो?’’ मीं उत्तर दिलें, ‘‘छताचा.’’ मला वाटलें, ती हसेल. तिनें वही काढून तें लिहून घेतलें. त्या सत्रांत तिला व तिच्या दोन सोबत्यांना शिक्षकांनीं एक काम नेमून दिलें होतें : रुग्णांचा कंटाळा आणि भय हलकें होईल अशी कलाकृति करावयाची, मात्र ती नुसती भिंतीवर टांगण्याची नव्हे. रुग्णानें हात हलवावा आणि चित्रानें त्याला उत्तर द्यावें, अशी. पुढें रोज संध्याकाळीं माझ्या खाटेशीं बसून, जगांत या दिशेनें काय काय झालें आहे, तें ती मला सांगूं लागली.

अमेरिकेंतील रॉजर उल्रिच या संशोधकानें 1984 सालीं ‘सायन्स’ नियतकालिकांत एक लेख प्रसिद्ध केला. पेन्सिल्व्हेनियांतील एका इस्पितळांत 1972 ते 1981 या काळांत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी त्यानें तपासल्या. निम्म्यांच्या खिडकींतून झाडें दिसत, निम्म्यांच्या खिडकींतून विटांची भिंत. झाडें पाहणारे रुग्ण सरासरीनें 7.96 दिवसांत घरीं गेले, भिंत पाहणारे 8.70 दिवसांत, आणि तीव्र वेदनाशामक औषधेंही पहिल्यांना कमी लागलीं. हे आंकडे ऐकून मीं पुन्हां एकदां छताच्या डागाकडे पाहिलें.

परंतु खिडकींतील झाड आपल्या हातानें हलत नाहीं. पुढची पायरी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या इस्पितळांत दिसते. शस्त्रक्रियेकडे नेणारी वाट ही लहान मुलाला सर्वांत भयाण. 2012 सालीं जेसन ब्रुजेस यांच्या कलाशाळेनें त्या वाटेच्या भिंतीवर अरण्य चितारलें आणि कागदामागें लहान लहान दिवे बसविले. मूल पुढें सरकूं लागलें कीं झाडांआडून हरिण, घोडा, बेडूक असे प्रकाशाचे प्राणी दिसूं लागतात व त्याच्या हालचालीबरोबर हलतात. चालणाऱ्या मुलाला दिसतील तसे ढकलगाडीवर निजलेल्या मुलालाही दिसतील, अशा निरनिराळ्या उंचींवर ते योजिले आहेत. निजलेल्याची दृष्टि कोठें जाते, याचा विचार कोणीतरी केला, याचें मला फार अप्रूप वाटलें.

तिसरें उदाहरण तर विद्यार्थिदशेंतूनच जन्मलेलें. हॉलंडमधील डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठांत हेस्टर ल रीश या विदुषी डॉक्टरेटसाठीं अभ्यास करीत होत्या. स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध तासन् तास निश्चल बसून राहतात. त्यांना हालतें कसें करावें, हा त्यांचा प्रश्न. त्यांतून ‘टोव्हरटाफेल’ म्हणजे जादूचें टेबल निघालें. छताला लावलेली एक पेटी जेवणाच्या टेबलावर प्रकाश टाकते. टेबलावर वाळलेलीं पानें पसरलेलीं दिसतात. हात फिरवला कीं तीं बाजूला सरतात. जिंकणें नाहीं, हरणें नाहीं. ज्याला आपल्या मुलाचें नांव आठवत नाहीं, त्यालाही पानें कशीं सारावीं, हें आठवतें. कारण तें हाताला आठवत असतें.

आतां आमच्या वॉर्डाकडे वळतों. तिघां विद्यार्थ्यांनीं इस्पितळाची परवानगी काढून आपलें पहिलें यंत्र आणलें. तें सपशेल फसलें. त्याला टाळी वाजवून जागें करावें लागे. माझ्या शेजारच्या खाटेवरील गृहस्थांच्या हाताला सुई टोंचलेली, ते टाळी कशी वाजविणार? त्यांतून संगीत निघे. त्यानें पलीकडचा रुग्ण दचकून उठला. वरिष्ठ परिचारिकाबाईंनीं लाकडी पेटीच्या सांध्यावरून बोट फिरवून विचारलें, ‘‘ही जंतुनाशकानं पुसायची कशी?’’ मुलें खजील होऊन परत गेलीं.

नऊ दिवसांनीं तीं पुन्हां आलीं. शिक्षक या नात्यानें सांगतों, पहिल्या फसगतीपेक्षां हें पुन्हां येणें मला अधिक मोलाचें वाटलें. आतां पेटी गुळगुळीत होती, तिला सांधा नव्हता, आवाज नव्हता. आंत एक लहानसा प्रोजेक्टर आणि अंतर मोजणारा कॅमेरा होता. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकून तो कॅमेरा हात कोठें आहे, हें ओळखतो आणि त्याप्रमाणें संगणक चित्र बदलतो. कशाला स्पर्श करावयास नको. एक बोट उचललें तरी पुरे. अपस्माराच्या रुग्णाला झटका येऊं नये म्हणून प्रकाश लुकलुकणारा नव्हता. आणि रुग्णाच्या हातापाशीं एक मोठी कळ होती, ती यंत्र बंद करण्याची. ‘नको’ म्हणण्याचा हक्क त्यांनीं रुग्णाला दिला होता. इस्पितळांत तो क्वचितच मिळतो.

वॉर्डांतले दिवे मंद झाले, आणि छतावर पिंपळाचीं पानें गळूं लागलीं. मीं बोट उचललें. पानें त्या बाजूला वाहूं लागलीं. ओलीचा तो डाग पानांत कोठें हरवला, कळलेंही नाहीं.

शेजारचे गृहस्थ इचलकरंजीकडचे, यंत्रमागावर तीस वर्षें राबलेले. मधुमेहानें त्यांचें एक पाऊल काढावें लागलें होतें, आणि शस्त्रक्रियेनंतर कित्येक दिवस ते कोणाशीं एक शब्द बोलले नव्हते. बराच वेळ ते वर पाहत राहिले. मग त्यांचें बोट उठलें. पानें वळलीं. त्यांनीं पुन्हां तसेंच केलें. आणि एकाएकीं ते म्हणाले, ‘‘पोरांनो, पिंपळाचं पान असं पडत न्हाई. त्याचा देठ लांब असतुय. ते गिरक्या घेत येतंय.’’

माझी नात त्यांच्या खाटेशीं जाऊन बसली. गिरकी कशी, किती वेगानें, असें तिनें विचारलें. त्यांनीं हातानें दाखविलें, तिनें टिपून घेतलें. दुसऱ्या संध्याकाळीं पानें गिरक्या घेत उतरलीं. गृहस्थ म्हणाले, ‘‘आता बरोबर.’’

त्यांचें पाऊल परत आलें नाहीं. त्या रात्रींही त्यांना वेदनेवरचें औषध घ्यावें लागलें. या कलेनें रोग बरा होतो, असें मी म्हणत नाहीं, आणि कोणी म्हणूंही नये. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं परिचारिकाबाईंना आपण होऊन विचारलें, ‘‘ही गोळी कशासाठी?’’ कर्म होऊन पडलेला माणूस वाक्यांतील कर्त्याच्या जागीं परतला होता. हें पानांनीं केलें काय? मला वाटतें, पानांनीं अर्धेंच केलें. त्यांनीं चूक दाखविली आणि मुलांनीं ती सुधारली, यानें उरलेलें अर्धें केलें.

कोणी म्हणेल, जेथें खाटाच अपुऱ्या तेथें असल्या चैनी कशाला? आक्षेप खरा आहे. आधीं खाट, आधीं औषध, आधीं स्वच्छ पाणी. परंतु या यंत्रांमागचें जें तत्त्व, त्याला पैसे पडत नाहींत.

आणि एक कबुली मला येथें दिलीच पाहिजे. वार्षिक परीक्षा जवळ आली कीं मी चित्रकलेचा तास गणितासाठीं मागून घेत असें. चित्रकलेचे शिक्षक भिडस्त. ते कधीं नाहीं म्हणत नसत. मुलांचें हित करतों आहें, अशीच माझी समजूत होती. पिंपळाचें पान कसें पडतें, हें पाहण्याचे किती तास मीं मुलांपासून काढून घेतले, याचा हिशेब त्या रात्रीं छताकडे पाहत मीं मांडला. तो कांहीं केल्या जुळला नाहीं.

श्रोतेहो, आजारी माणूस प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां असतोच. त्याच्या उशाशीं बसून आपण प्रेमानें विचारतों, ‘‘तुम्हांला काय हवंय?’’ बहुधा तो म्हणतो, ‘‘कांहीं नको.’’ एकदां असें विचारून पाहा : ‘‘एवढं जरा आम्हांला सांगाल का? हें आमच्याकडून चुकतंय.’’ मग तो काय उत्तर देतो, तें मन लावून ऐका; आणि त्यानें दाखविलेली चूक दुसऱ्या दिवशीं सुधारून त्याच्यासमोर ठेवा.